‘आधी स्वतःचं बघ’ असं तिला सांगू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ह्यूस्टनच्या एका सिव्हिल कन्सल्टिंग फर्ममध्ये टीम सांभाळता. तुमच्या हाताखाली एक मेक्सिकन-अमेरिकन इंजिनिअर आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाच्या, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रांदे व्हॅलीतून आलेली, घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली. काम चोख. पण साइटवर दुभाषी तीच, ऑफिसातल्या हिस्पॅनिक गटाची चिटणीस तीच, कॅम्पसवर भरतीला जाते तीच. शनिवारी शाळेत मुलांचं रोबॉटिक्स घेते आणि नातेवाइकांचे सरकारी कागदही वाचून देते. पीईची, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या लायसन्सची, परीक्षा ती दर वेळी पुढे ढकलते आणि यंदा प्रमोशनच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तुम्हाला तिला सांगावंसं वाटतंय की आधी स्वतःचं बघ, समाजाचं नंतर. शिवाय जोडप्रश्न असा की या लोकांना हे जमतं कसं, आपल्या मराठी मंडळात तर तिशीतली मुलं फिरकतही नाहीत.

मी मूळची सांगलीची. गेली वीसेक वर्षं सॅन अँटोनियोत पावसाच्या पाण्याचा निचरा आणि पूरनियंत्रण या कामांत आहे. आधी डिझाइन केलं, मग प्रोजेक्ट मॅनेजर झाले, आणि प्रमोशनं ठरतात त्या खोलीत आता बरीच वर्षं बसते आहे. या शहरात दर तीन माणसांमागे जवळपास दोघं लॅटिनो. माझे साहेब, माझे ज्युनिअर, महापालिकेतले क्लायंट, ठेकेदार यांतले बहुतेक तेच. तरी मी बाहेरचीच. त्यांच्या घरातलं जे काही मी इथे लिहीन ते त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, एवढं धरून वाचा.

तर उत्तर: असं सांगू नका. तुम्हाला हा प्रश्न तिच्या वेळेचा वाटतोय, मला तो हिशेबाचा वाटतो. तुम्ही दिलेल्या यादीतली निम्मी कामं समाजाची नाहीतच, तुमच्या फर्मची आहेत. साइटवरचं दुभाषीपण फर्मचं, कॅम्पस भरती फर्मची, ऑफिसातला गटही फर्मच्याच उपयोगाचा. पण त्यांचे पैसे कुठे मांडलेले नाहीत आणि ती करणारीचं आडनाव स्पॅनिश आहे, म्हणून सगळ्यांना ती तिची हौस वाटते. उरलेली निम्मी खरोखर तिची स्वतःची. या दोन ढिगांना एकच उपाय लागू पडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलते. फर्म तीस माणसांची असेल तर तुमच्या हातात बरंच आहे. तीन हजारांची असेल तर निम्मे निर्णय दुसऱ्या शहरात होतात. तिला मॅनेजर व्हायचंय की संगणकी मॉडेलिंगमध्ये तज्ज्ञ, ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नसावं असं प्रश्नावरून वाटतं. आणि ‘लॅटिनो’ म्हणून एकच एक माणूस नसतो. टेक्सासात अशी घराणी आहेत की अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या 1848 च्या तहाने सीमाच त्यांच्या घरावरून पलीकडे सरकली. ती कुठून आलीच नाहीत. प्वेर्तो रिकोच्या लोकांना 1917 पासून अमेरिकन नागरिकत्व आहे. मायामीचा क्युबन डॉक्टर आणि ह्यूस्टनमध्ये छपरं घालणारा साल्वाडोरचा माणूस यांना जोडणारी भाषा एक असली तरी कागदपत्रं, पैसा आणि राजकारण साफ वेगळं. 2020 च्या जनगणनेत देशभरात ही माणसं 6 कोटी 21 लाख होती, टेक्सासात 39 टक्क्यांहून थोडी जास्त. इतक्यांना एक स्वभाव चिकटवू नका. मी खाली जे सांगते ते मुख्यतः दक्षिण टेक्सासच्या मेक्सिकन-अमेरिकन घरांबद्दल.

आता पहिला ढीग. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या हातात खरोखर काही असेल तर ते इथेच आहे.

कन्सल्टिंगमध्ये माणसाची किंमत टाइमशीटवर ठरते हे तुम्हाला सांगायला नको. ज्युनिअरने आठवड्यातले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के तास कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्ट नंबरावर टाकावेत ही साधारण अपेक्षा असते. आता साइटवरून फोन येतो, ‘पाइप टाकणाऱ्या टोळीला काहीतरी विचारायचंय, जरा बोल.’ वीस मिनिटं गेली. ठेकेदाराच्या मुकादमाला शॉप ड्रॉइंगवरचा शेरा समजावून सांग, पाऊण तास. दुसऱ्याच टीमच्या मॅनेजरला रहिवाशांच्या बैठकीचं पत्रक स्पॅनिशमध्ये हवं असतं, तेही उद्या सकाळी. हे तास ती कुठे टाकते, ते या आठवड्यात तिला विचारा. माझ्या अनुभवात दोनच उत्तरं येतात. एक, ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कुठल्याच प्रोजेक्टवर न पडणाऱ्या तासांत. दुसरं, कुठेच नाही, मी माझं काम रात्री पुरं करते. पहिल्यात तिची टक्केवारी घसरते आणि वर्षअखेरीला कुणीतरी म्हणतं, ‘हिचं लक्ष विखुरलेलं असतं.’ दुसऱ्यात टक्केवारी शाबूत राहते, पण पीईच्या अभ्यासाच्या संध्याकाळी जातात. परीक्षा ती का ढकलते याचं उत्तर कदाचित इथेच सापडेल.

यावर उपाय तिला ‘नाही म्हणायला शीक’ असं शिकवणं हा नव्हे. पाच वर्षांचा अनुभव असलेली मुलगी दुसऱ्या टीमच्या मॅनेजरला नाही म्हणाली तर ती उद्धट ठरते. तुम्ही म्हणालात तर ते नियोजन ठरतं. तेव्हा नाही म्हणायचं काम तुमचं. आणि त्याहून मोठं काम प्रपोजलच्या वेळी. लोकसंपर्काची ओळ बहुतेक प्रपोजलांत असतेच. तिथे स्पॅनिश पत्रक, स्पॅनिश बैठक आणि बैठकीला दोन्ही भाषा येणारा इंजिनिअर हे स्कोपमध्ये लिहा आणि त्याचे तास फीमध्ये धरा. आमच्याकडे शहराच्या कर्जरोख्यांतून होणाऱ्या नाल्यांच्या कामांत आम्ही हे नेमाने करतो आणि क्लायंट खूश असतो, कारण बैठकीत लोक भडकले तर फोन नगरसेवकाला जातो आणि तिथून क्लायंटला. असं लिहिलंत की तिची तीच दोन तासांची बैठक प्रोजेक्ट नंबरावर, इंजिनिअरच्या दराने पडते. अनेक शहरांच्या सरकारी नोकऱ्यांत दोन भाषांचा वेगळा भत्ता असतो. खासगी फर्मला तेवढं जमत नसेल तर निदान तास तरी मोजावेत.

साइटबद्दल एक इशारा, कारण तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की ती टोळीला सुरक्षिततेचंही सांगते. हे लगेच थांबवा. कामगारांना समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा शब्दांत प्रशिक्षण द्यायचं, हे ओशाने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, 2010 मध्येच धोरण म्हणून स्पष्ट केलेलं आहे. पण ती जबाबदारी त्या कामगारांच्या मालकाची, म्हणजे ठेकेदाराची. तुमच्या करारात बहुधा लिहिलेलं असेल की बांधकामाची साधनं, पद्धती आणि साइटची सुरक्षा ठेकेदाराकडे. आणि तुमचीच इंजिनिअर खंदकाच्या काठावर उभी राहून स्पॅनिशमध्ये ‘इथून उतरा, तिथून उतरू नका’ म्हणत असेल, तर उद्या माती ढासळल्यावर वकील पहिला प्रश्न कोणाला विचारेल? तिला वाटतं आपण आपल्या माणसांचा जीव वाचवतोय. धोका दिसला तर तिने ओरडावंच, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण रोजचं सुरक्षेचं बोलणं ठेकेदाराच्या स्पॅनिश येणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याने करायचं. तो नसेल तर तुम्ही लेखी मागा. अपघातानंतरचे जबाब असोत की कराराची कलमं, तिथे पैसे देऊन प्रशिक्षित दुभाषी आणा. घरात स्पॅनिश बोलणं वेगळं, जबाब भाषांतरित करणं वेगळं.

हे सगळं फक्त आपल्या धंद्यात होतं असं नाही. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी 1994 मध्ये अल्पसंख्य समाजांतून आलेल्या प्राध्यापकांबद्दल हेच लिहिलं. प्रत्येक समितीवर त्यांना घेतात, प्रत्येक अडचणीतला विद्यार्थी त्यांच्याकडे पाठवतात, आणि बढतीच्या वेळी विचारतात की शोधनिबंध कमी का. पादियांनी याला संस्कृतीपोटी भरावा लागणारा कर म्हटलं. वकिलांच्या फर्ममध्ये, हॉस्पिटलात, बँकेतही हा कर वसूल होतो. आपल्यापैकी ज्यांना दर दिवाळीला ऑफिसात रांगोळी काढायला बोलावतात, त्यांनी या कराचा एक हप्ता भरलाय असं समजायला हरकत नाही. फक्त आपल्याला हप्ता वर्षातून एकदा येतो.

प्रमोशनच्या खोलीत काय होतं तेही सांगते. तिच्यासारख्या इंजिनिअरचं नाव निघालं की कुणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘माणसं फार छान सांभाळते.’ सगळे माना डोलावतात आणि पुढचं नाव घेतात. ही स्तुती बुडवणारी आहे, कारण त्यामागे न बोललेलं वाक्य असतं की तांत्रिक बाजूचं सांगता येत नाही. तिथे तुम्हाला बोलायचंय. कुठलं मॉडेल तिने एकटीने उभं केलं, कुठल्या डिझाइनमध्ये तिने चूक पकडली, ठेकेदाराशी तिच्या बोलण्यामुळे किती शंकापत्रं कमी आली आणि कुठला वाढीव खर्च टळला. ‘समाजकार्याची आवड’ हा शब्दच तिच्या फाइलमध्ये येऊ देऊ नका. ‘रहिवाशांच्या बैठकी चालवल्या, जमिनीच्या हक्काचे करार वेळेत झाले’ असं लिहा. जानेवारी 2025 मध्ये 1965 चा समान संधीचा अध्यक्षीय आदेश रद्द झाल्यापासून केंद्र सरकारची कामं घेणाऱ्या फर्म या विषयावर चाचपडत चालल्या आहेत. गटांची नावं बदलली, निधी आटला. अशा हवेत वांशिक गटाची चिटणीस असणं हे फाइलमध्ये वजन टाकेलच असं नाही. प्रोजेक्टवर झालेला फायदा मात्र कुठल्याही हवेत टिकतो. हे मला फार आवडतं म्हणून सांगत नाही, खोलीत जे दिसतं ते सांगते.

पीई लायसन्स हा यातला कळीचा मुद्दा. टेक्सासात चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि आधीच्या लायसन्सधारक इंजिनिअरांच्या शिफारशी लागतात. तुमच्याकडे लायसन्स असेल तर एक शिफारस तुमचीच. परीक्षा आता संगणकावर होते आणि सिव्हिलची वर्षभर कधीही देता येते. हे सोयीचं वाटतं, पण जिच्या दाराशी रोज कुणीतरी उभं आहे तिच्यासाठी ते घातक ठरतं, कारण ठरलेली तारीखच नाही. तिच्याबरोबर बसून तारीख घ्या. फी फर्मने भरावी. शेवटच्या सहा आठवड्यांत शुक्रवारची दुपार मोकळी ठेवा आणि ते तास ट्रेनिंगवर टाका. या गोष्टी तिने मागायची वाट पाहू नका. घरात असं मागितलेलं तिने कधी पाहिलेलं नसतं, आणि आपल्याला कॉलेजातल्या सीनिअरने जे फुकटात कानात सांगितलं ते तिला सांगणारं कुणी नव्हतं. ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरच्या 2013 ते 2018 या काळातल्या संचालक एलन ओचोआ, अंतराळात गेलेल्या पहिल्या लॅटिना. त्यांची पोस्टरं शाळाशाळांत आहेत आणि असावीतच. पण पोस्टर कुणाच्या शिफारशीवर सही करत नाही.

इथवर फर्मचा हिशेब झाला: तास प्रोजेक्टवर टाका, दुसऱ्या टीमची मागणी तुम्ही अडवा, सुरक्षेचं बोलणं ठेकेदाराकडे परत द्या, परीक्षेची तारीख घ्या. आता तिचं स्वतःचं.

‘आधी स्वतःचं, मग समाजाचं’ हा क्रम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो त्याला कारण आहे. आपण डिग्री घेऊन, व्हिसा घेऊन, म्हणजे एका अर्थी निवडून आलो. मागे राहिलेल्या आईवडिलांना आपण पैसे पाठवतो, फोन करतो. पण त्यांचं रोजचं पोस्ट आपल्याला वाचून द्यावं लागत नाही. तिचं तसं नाही. माझ्या इथल्या कितीतरी सहकाऱ्यांनी सांगितलंय की आठव्या-नवव्या वर्षी ते आईबरोबर दवाखान्यात जाऊन डॉक्टरचं बोलणं तिला सांगत, घरमालकाशी बोलत, विजेचं बिल भरत. घरात एकजण नागरिक, एकाकडे ग्रीन कार्ड, एकाकडे काहीच नाही, अशीही घरं पुष्कळ. (याबद्दल तिला चुकूनही विचारू नका. मॅनेजरने हे विचारायचं नसतं.) अशा घरातल्या मुलीला ‘आधी स्वतःचं’ म्हणजे नेमकं काय, हेच वेगळं करून दाखवता येत नाही. आणि ती आज तुमच्यासमोर बसलीय तीही कुणीतरी स्वतःचं पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्याचं केलं म्हणूनच.

याचा इतिहास टेक्सासात फार दूर शोधावा लागत नाही. कॉर्पस क्रिस्टीचे डॉक्टर हेक्टर गार्सिया महायुद्धावरून परतले, दवाखाना घातला, आणि मेक्सिकन-अमेरिकन सैनिकांना हक्काच्या सवलती मिळत नाहीत हे पेशंटांकडूनच कळल्यावर 1948 मध्ये त्यांनी अमेरिकन जीआय फोरम ही त्या सैनिकांची संघटना काढली. दवाखाना बंद केला नाही. दवाखान्यामुळेच तर त्यांना कळत होतं काय चाललंय ते. तुमच्या ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला एडना नावाचं गाव आहे, तिथल्या खटल्यात पंचवीस वर्षं एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्यूरीवर बसला नव्हता हा मुद्दा निघाला. गस गार्सिया, कार्लोस कादेना, जॉन हेरेरा आणि जेम्स डिआंडा हे वकील तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले. 1954 च्या मे महिन्यात ते जिंकले. खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. कादेना पुढे इथल्या अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि डिआंडा ह्यूस्टनला केंद्रीय न्यायाधीश. समाजाचं काम त्यांच्या करिअरच्या आड आलं, असं त्या दोघांना कुणी म्हणू शकेल का?

आपल्या व्यवसायाचंच बघा. 1974 मध्ये लॉस एंजेलिस महापालिकेत नोकरीला असलेल्या काही इंजिनिअरांनी एकत्र येऊन सोसायटी ऑफ हिस्पॅनिक प्रोफेशनल इंजिनिअर्स काढली. आज तिच्या शाखा देशभरातल्या कॉलेजांत आहेत, आणि तुमची ही मुलगी कदाचित तिच्याच जॉब फेअरमधून तुमच्याकडे आली असेल. नोंद काढून बघा. त्याच वर्षी आमच्या शहराच्या पश्चिम भागात जे झालं ते तर मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला सांगते, कारण ते आमच्या धंद्याचं मूळ आहे. पाऊस पडला की तिथल्या गल्ल्यांचे ओढे व्हायचे. चर्चच्या पॅरिशांमधून एर्नेस्तो कोर्तेस यांनी लोकांची संघटना बांधली, कॉप्स नावाची. त्या लोकांनी महापालिकेचे जुने आराखडे काढले तेव्हा दिसलं की आपल्या नाल्यांची कामं 1945 पासून कागदावर पडून आहेत. मग शेकडो माणसं सिटी कौन्सिलमध्ये जाऊन बसली आणि त्याच वर्षी मतदारांनी नाल्यांसाठी रोखे मंजूर केले. तिथे प्लॅन वाचणाऱ्या माणसाची किंमत काय होती याचा विचार करा. पुढे 1990 मध्ये जीन्स बनवणाऱ्या लीव्हाय स्ट्रॉसचा इथला कारखाना बंद होऊन हजारावर कामगार, त्यांत बहुतेक बायका, रस्त्यावर आल्या. त्यानंतर याच संघटनेने पुढाकार घेऊन प्रोजेक्ट क्वेस्ट उभा केला. कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगसारखे कोर्स, सोबत फी, बसभाडं, मुलं सांभाळायची सोय, दर आठवड्याला समुपदेशन. तिथून गेलेल्या लोकांची कमाई कित्येक वर्षांनंतरही वाढलेली राहिली, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं.

हे मी का सांगतेय? तुम्ही विचारलंत ना, यांना जमतं कसं. जिथे जमलं तिथे एका माणसाने सगळं केलेलं नाही. काम संस्थेकडे गेलं. आणि तुमच्या सहकारीचं दमणं मला इथेच दिसतं: तिच्यापाशी संस्थांच्या वाटणीचीही कामं साठली आहेत. कराचे फॉर्म? आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय कर खात्याचा, विटा नावाचा कार्यक्रम आहे, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे फॉर्म प्रशिक्षित स्वयंसेवक फुकट भरून देतात, स्पॅनिशमध्येही. इमिग्रेशनचे कागद? ते तिने हातातच घेऊ नयेत. वकील नसताना सल्ला देणं बेकायदा ठरू शकतं आणि एका चुकीच्या खुणेने मामाची केस बिघडू शकते. न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्था आणि त्यांचे अधिकृत प्रतिनिधी असतात. नोटारिओ, म्हणजे जणू वकीलच, म्हणवून घेणाऱ्या दलालांपासून लोकांना वाचवून तिथे पोचवलं तरी तिने मोठं काम केलं. म्हणजे तिने करण्याऐवजी पत्ता द्यावा. मग रोबॉटिक्स उरतं. ते ठेवावं, कारण ते तिचं आवडीचं आहे आणि तिथे तिच्याजागी दुसरं कुणी उभं राहणार नाही.

मात्र हे तुम्ही मॅनेजर म्हणून खुर्चीत बसून सांगितलंत तर ते ‘तुझा गोतावळा कमी कर’ असंच ऐकू जाईल. म्हणून क्रम पाळा. आधी फर्मचा ढीग साफ करा आणि तिला दिसू द्या की केला. महिन्या-दोन महिन्यांनी कॉफीला जा आणि विचारा, ‘शनिवारचं काम तुला दम देतं की दमवतं?’ मग गप्प बसा. उत्तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं. ‘दमवतं’ म्हणाली तर वर लिहिलेले पत्ते हाताशी ठेवा. ‘दम देतं’ म्हणाली तर विषय संपला. रविवारी गोल्फ खेळणाऱ्या सहकाऱ्याला आपण कधी विचारतो का, गोल्फ कमी कर म्हणून?

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ज्यांना मी जवळून पाहिलं त्यांच्यात हा धागा नेहमी निघतो. पहिला मोठा पगार घरात आला की तो घराचा होतो: धाकट्याची फी, वडिलांच्या ट्रकचं इंजिन, आजोळच्या गावाला पैसे. बायकांमध्ये तांदा चालते, म्हणजे आपली भिशीच, आणि तिचा शब्द बँकेच्या हप्त्याहून पक्का मानतात. यात नाक खुपसू नका. एवढंच बघा की निवृत्तीच्या खात्यात फर्म जेवढी भर घालते तेवढी मिळवण्यापुरते पैसे ती टाकते आहे ना. ‘हे न टाकणं म्हणजे पगारातला तुकडा फर्मला परत देणं’ एवढं म्हटलं की पुरतं. मी ज्या ज्या ज्युनिअरला हे सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकांना ते आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आता मंडळाचं. इथे मी फार वेळ घालवणार नाही, कारण तुलना तितकीशी खरी नाही. अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं, आणि गावोगावची मंडळं त्याआधीपासूनची. ती निघाली गणपती, नाटक, पुरणपोळी आणि मुलांचं मराठी यांसाठी. मेक्सिकन-अमेरिकनांच्या संस्था निघाल्या त्या ज्यूरी, शाळा आणि नाले यांसाठी. आपल्या तिशीतल्या मुलांना मंडळाकडून काही अडलेलं नसतं, म्हणून ती येत नाहीत. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लॅटिनो लोकांकडून एक गोष्ट उचलायचीच असेल तर इंजिनिअरांच्या त्या सोसायटीचा ‘नोचे दे सिएन्सियास’ हा कार्यक्रम बघा. शाळेत विज्ञानाची संध्याकाळ असते, पण बोलावणं एकट्या मुलाला नसतं, आईवडिलांनाही असतं. मुलं प्रयोग करत असताना पलीकडच्या वर्गात पालकांना स्पॅनिशमध्ये कॉलेजची फी, शिष्यवृत्ती आणि कर्जं समजावतात. मुलगी घरापासून तीनशे मैलांवर शिकायला जाईल की नाही हा निर्णय जेवणाच्या टेबलावर होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच हा कार्यक्रम आखलाय.

आणि आपला या लोकांशी संबंध एच-वन व्हिसापासून सुरू झाला असं समजू नका. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर पार्टीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे परतता येईना तेव्हा मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिवेरांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. तुमच्या सहकारीला हे सांगा, तिला बहुधा माहीत नसेल.

मंडळातल्या दोन-तीन इंजिनिअरांना अशा एखाद्या संध्याकाळी घेऊन जायचं असेल तर तिलाच विचारा, ह्यूस्टनची शाखा कुठल्या शाळेत करते ते. पूल बांधायच्या टेबलावर माणसं नेहमी कमी पडतात आणि तिथे स्पॅनिश फारशी लागत नाही, आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंद लागतो. फक्त त्या आठवड्यात तिच्या परीक्षेची तारीख नाही ना, ते आधी बघून घ्या.